घंटेचं वर्तुळ

नगरसभेत एक सभासद बोलत असला की त्याचं बोलणं कुणीही उतरवून घेईल. सगळे एकदम बोलायला लागले की काय लिहायचं, तिथं खरी कसोटी. ताई हे काम बावीस वर्षं करत होती. व्यासपीठाच्या डाव्या अंगाला तिचं टेबल, पुढ्यात लघुलिपीची वही, एक पेन्सिल हातात आणि एक कानामागे.

तिला शिकवलं गुरुजींनी. ते मुख्य वृत्तलेखक. आयुष्यात त्यांनी शाळेत एक दिवसही शिकवलं नव्हतं, पण दुसऱ्याची चूक दिसली की त्यांना चैन पडत नसे, म्हणून ते गुरुजी. ताई नवीन असताना त्यांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर सहा शब्द एकाखाली एक लिहून तिच्या खणात आतून चिकटवले होते. कुजबुज, गलबला, गलका, आरडाओरडा, गोंधळ, गदारोळ.

"कुजबुज म्हणजे नुसत्या खुर्च्या करकरतात," ते म्हणाले होते. "गलबल्यात आवाज येतो, शब्द कळत नाहीत. गलक्यात माणसं अर्धवट उठतात. आरडाओरड्यात एकमेकांचे बाप निघतात. गोंधळ झाला की सगळे मध्ये येऊन उभे राहतात. आणि गदारोळ कधी लिहायचा?"

"कधी?"

"अध्यक्षांची घंटा तुला ऐकू आली नाही, तरच. घंटा ऐकू आली की एक बारीक वर्तुळ काढायचं. वर्तुळ असेल तिथं गदारोळ नाही."

ही ओळही त्यांनी पुठ्ठ्याच्या तळाशी लिहून ठेवली. एवढ्या काटेकोरपणाला कारण होतं. गोंधळ झाला तर बैठक थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची. गदारोळाची नोंद झाली, की समोरचा विषय चर्चेवाचून मंजूर धरायचा, असा नियम होता. त्या गदारोळात नगरसभेचा कुणी नोकर सापडला तर त्याने थेट घरचा रस्ता धरायचा. बावीस वर्षांत ताईने हा शब्द तीनदाच लिहिला होता.

पहिल्याच आठवड्यात तिने शाईने लिहिलं आणि पानावर डाग पाडला. गुरुजींनी ते पान फाडून तिच्या हातात दिलं. "वृत्तलेखकाच्या वहीत डाग नसतो. उद्यापासून पेन्सिल." तेव्हापासून तिने वहीला शाई लावली नाही. तिची लघुलिपीसुद्धा हुबेहूब त्यांच्या वळणाची झाली. सगळ्या कार्यालयात ती वाचता येणारी माणसं दोनच, ती आणि गुरुजी.

त्यातूनच ती वाईट सवय लागली. बैठक संपली की ताई वही गुरुजींकडे ठेवायची आणि 'वरील वृत्त बरोबर आहे' एवढंच छापलेल्या, बाकी कोऱ्या शेवटच्या पानावर आधीच सही करून मोकळी व्हायची. गुरुजी सावकाश टाइप करत. ते होईपर्यंत थांबलं तर चारची बस चुकायची. आणि गुरुजींनी टाइप केलेलं तपासायचं? तसं मनात आणायचीही तिला लाज वाटली असती.

त्या मंगळवारी विषय होता नगरसभेचा जुना दवाखाना बंद करण्याचा. ताईची धाकटी बहीण तिथं नर्स. आपले पाचसहा म्हातारे पेशंट घेऊन ती वर प्रेक्षकांच्या सज्जात येऊन बसली होती. विषय पुकारला गेला तशी ती उठली आणि म्हणाली, "आमच्या पेशंटनी जायचं कुठं, तेवढं सांगा."

बस, एवढंच. मागच्या दोन रांगांत माना हलल्या, अध्यक्षांनी एकदा घंटा वाजवली, धाकटी खाली बसली. अध्यक्ष म्हणाले, आज इथंच थांबू. ताईने लिहिलं, 'सज्जात कुजबुज', आणि पुढं वर्तुळ काढलं. मग सही केली आणि बस पकडली.

शुक्रवारी धाकटी दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही. तिच्या हातात छापील वृत्त होतं. सज्जात परिचारिकेच्या चिथावणीने प्रचंड गदारोळ, दवाखाना बंद करण्याचा विषय मंजूर. सोबत तिच्या निलंबनाचं पत्र, आणि सोमवारी चौकशी.

"ही सही तुझी?"

"माझीच आहे, पण मी कुजबुज लिहिलं होतं गं! तुझी शपथ!"

"मला कशाला शपथ घालतेस? सही तुझी आहे ना? मग झालं." आणि ती पायऱ्या उतरून गेलीसुद्धा.

ताईने छापखान्याच्या नावाने बोटं मोडली आणि तशीच गुरुजींच्या घरी गेली. त्यांनी चष्मा पुसत सगळं ऐकून घेतलं. "छापताना काहीतरी झालं असेल. अगं, चौकशीत तुझी वही वाचायला मलाच बोलावलंय. मी आहे ना!" ताईने धाकटीला फोन करून सांगितलं, गुरुजी आहेत, आता घाबरू नकोस. धाकटीने फोन ठेवून दिला.

चौकशी अधिकारी बाहेरचा होता. सर्दीने त्याचं नाक लाल झालं होतं. भिंतीशी धाकटी बसली होती, ताईपासून दोन खुर्च्या सोडून. गुरुजींनी वही उघडली, बोट टेकवलं आणि स्वच्छ आवाजात वाचलं, "सज्जात गदारोळ."

ताईला वाटलं, ओळ चुकली असेल. "गुरुजी, पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा तेच वाचलं. तिच्याकडे पाहिलं नाही. तेव्हा तिला कळलं की छापखान्याने काहीच केलं नव्हतं. ज्या माणसाच्या भरवशावर तिने बावीस वर्षं कोऱ्या पानावर सही केली, त्यानेच केसाने गळा कापला होता. पुठ्ठ्यावरचे सहाही शब्द एकदम तिच्या घशाशी आले. ती खोली डोक्यावर घ्यावी, टेबल उलटं करावं असं तिला वाटलं. पण ती ओरडली असती तर, दोघी बहिणी सारख्याच, एवढंच सगळे म्हणाले असते. ती हळू म्हणाली, "साहेब, त्या शब्दापुढं एक वर्तुळ आहे. ते काय आहे, विचारा त्यांना."

अधिकारी वहीवर वाकला. "हे काय आहे हो?"

"ते होय?" गुरुजी घाईने म्हणाले. "शाईचा डाग."

अधिकाऱ्याने वर्तुळावरून अंगठा फिरवला. अंगठा राखाडी झाला. "वही तर पेन्सिलीने लिहिलीय," तो म्हणाला.

ताई उठली, खाली गेली, खणातला पुठ्ठा पट्टीने खरवडून काढला आणि आणून टेबलावर ठेवला. तळाची ओळ त्याने मोठ्याने वाचली. अक्षर कुणाचं, हे विचारायची वेळ आली नाही. गुरुजींनीच मान खाली घातली.

संध्याकाळच्या आत निकाल लागला. धाकटी कामावर परत, विषय पुन्हा चर्चेला, आणि कोऱ्या पानावर सही केल्याबद्दल ताईला लेखी ताकीद. ताकीद तिने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि मगच घेतल्याची सही केली.

जिन्यात गुरुजी कठड्याला धरून उभे होते. "त्या एका शब्दाच्या बदल्यात अध्यक्षांनी मला नोकरीत दोन वर्षांची मुदतवाढ कबूल केली होती," ते म्हणाले. "घरी बसून मी काय केलं असतं, सांग. तुझ्या बहिणीला नंतर कुठंतरी लावून दिलं असतं मी."

ताई दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. एक गोष्ट तासाभरापासून तिच्या मनात घोळत होती, आणि ती खरी निघावी असं तिला फार फार वाटत होतं. पेन्सिल तर त्यांनीच हातात दिली होती. ते कसे विसरतील?

"गुरुजी, शाईचा डाग असं तुम्ही मुद्दाम म्हणालात ना? मी सुटावं म्हणून?"

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं. त्या दिवसात पहिल्यांदाच.

"नाही गं," ते म्हणाले. "चुकून गेलं तोंडातून."

इतकं खोटं बोललेल्या माणसाला आणखी एकदा खोटंच 'हो' म्हणायला काय हरकत होती? ताई खाली उतरली. फाटकाशी धाकटी तिची वाट बघत उभी होती.