रविवारपर्यंतची खोली

पारूबाईनं समुद्र बघायला जायचं काढलं तेव्हा कवठे महांकाळच्या तिच्या वस्तीत सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. समुद्रावर जायचं ते सिनेमातल्या माणसांनी. पण पारूबाईच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते काढायला डॉक्टरच बोलवावा लागला असता.

गोष्ट दुष्काळापासूनची. पारूबाई तेव्हा खडी फोडायला जायची आणि बनू आणि गुंडा ही तिची दोन पोरं बाभळीखाली बसून असायची. टँकर आला नाही की गुंडा विचारायचा, "आय, लय पाणी कुठं असतंय गं?" ती म्हणायची, "समुद्रात." "मग आपुन तिकडंच जाऊया की." "जाऊया," असं ती बोलून गेली होती. दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाली, पण पोरं विसरली नव्हती आणि शब्द देऊन विसरणं पारूबाईच्याही रक्तात नव्हतं.

त्या मे महिन्यात नवरा, राजाराम, फौजेतून सुट्टीवर आला. त्याला घरावरची कौलं बदलायची होती. पारूबाई म्हणाली, "कौलं फुडल्या वर्साला. औंदा समुद्र." पुढं बोलायची सोयच नव्हती.

कराडला गाडी बदलून कुंभार्ली घाटातून चौघं कोकणात उतरली. घाटात गुंडाची ओकून ओकून वाट लागली. चिपळूणच्या पलीकडच्या ज्या गावात ती पोचली तिथं लॉज एकच होता आणि त्याचा दर ऐकून राजारामनं कपाळाचा घाम पुसला. दुसऱ्या घरी खोली स्वस्त होती, पण समोर नुसते खडक आणि पाणी थेट खोल. पोरांना काय लांबूनच दाखवायचं होतं? उन्हातान्हात सबंध गाव पालथं घातल्यावर माईंचं घर सापडलं. माई म्हाताऱ्या, एकट्याच असायच्या. मागच्या अंगाला एक खोली होती, माडांच्या पलीकडं मऊ वाळू आणि पाणी असं उथळ, की गुंडा कितीतरी आत गेला तरी गुडघ्याच्या वर भिजेना. भाडंही परवडणारं होतं. राजारामचा फौजी रुबाब बघून माई खूश झाल्या. "देशाची सेवा करणारी माणसं, तुमच्याकडून जास्त काय घ्यायचं?" असं म्हणून त्यांनी रविवारपर्यंतचं भाडं आगाऊ घेतलं. तो दिवस बुधवारचा होता.

दुसऱ्या दिवशी वैशाखी पौर्णिमा आली. घर असो की परगाव, बुद्धपौर्णिमेला खीर झालीच पाहिजे हा पारूबाईचा नेम. तिनं ट्रंकेतून बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर काढली, फळीवर मांडली, मेणबत्ती लावली, पोरांकडून वंदना म्हणवून घेतली आणि स्टोव्हवर खीर केली. दूध हवं का विचारायला माई दारात आल्या, त्या तसबिरीकडं बघतच राहिल्या.

"घ्या माई," पारूबाईनं वाटी पुढं केली. "आज पुनव हाय आमची."

माईंचे दोन्ही हात पाठीमागं गेले. "माझा उपास आहे," असं पुटपुटून त्या निघून गेल्या. दुपारी याच माई ओटीवर बसून पोटभर जेवल्या होत्या.

सकाळी निरोप आला. निरोप कसला, माई स्वतःच अंगणात उभ्या राहिल्या, मात्र बरंच अंतर ठेवून. "पुण्याच्या आमच्या वन्सं येताहेत, सहकुटुंब. दुपारपर्यंत खोली मोकळी करा. उरलेले पैसे परत देते."

राजारामनं होल्डॉल गुंडाळायला घेतला. पारूबाईनं होल्डॉलवर पाय ठेवला.

"काल सकाळपातुर पावणी न्हवती," ती माईंना म्हणाली. "खीर बघितली आन् पावणी आली व्हय?"

माईंचा चेहरा उतरला, पण त्या हटल्या नाहीत. "घर माझं आहे."

"घर तुमचं. खोली रविवारपातुर आमची. पैसं मोजून घेतल्यात तुमी. तुमच्या वन्संला पडवीत निजवा."

माई तरातरा आत गेल्या. राजाराम हळूच म्हणाला, "कशाला वाईटपणा घ्यायचा पारू? दुसरीकडं बघू. तसबीर ट्रंकंत ठिवली म्हंजी झालं."

"सरहद्दीवर मागं सरला न्हाईसा, आन् हितं एका म्हातारीला भ्याला? आवं, आज तसबीर ट्रंकंत घातली तर उद्या पोरांची तोंडं कुठल्या ट्रंकंत घालू?"

 बनू आता दहा वर्षांची होती, तिला सगळं कळत होतं. तिनं विचारलं, "आय, आपुन काय केलंय?"

"काय बी न्हाई केलं. आपुन भाडं भरलंय."

हे ती ठसक्यात बोलली, पण आतून तिचा जीव जळत होता. पोरांनी एवढी वर्षं वाट बघितली आणि समुद्राच्या काठावर त्यांना हे ऐकावं लागलं, याचा तिला संताप संताप झाला होता.

थोड्या वेळानं ती घागर घेऊन विहिरीवर गेली, तर दोर आणि पोहरा दोन्ही गायब. माई खिडकीतून म्हणाल्या, "दोर तुटलाय. आता सोमवारीच नवा येईल."

पारूबाईला हसू आलं. माई, माणसं ओळखायला चुकलात हो! ज्या बाईनं दोन उन्हाळे एका घागरीवर दोन पोरं आणि अंथरुणाला खिळलेली सासू सांभाळली, तिला पाणी तोडून घालवायला निघालात? दुसरं काहीही तोडायचं होतं.

ती तडक वाळूत गेली. डोंगरावरून येणारा एक ओढा तिथं समुद्राला मिळायचा, आता तो ठणठणीत कोरडा पडला होता. घरी अग्रणी नदी आटली की तिच्या पात्रात वस्तीतल्या बाया खाली बसून खड्डा उकरायच्या, त्याला झिरा म्हणायच्या आणि वाटी-वाटीनं घागर भरायच्या. पारूबाईनं पदर खोचला आणि ती ताटलीनं वाळू उपसायला लागली. पोरांना तर हा खेळच मिळाला. शेजारच्या घरी उतरलेल्या एका बिऱ्हाडाची पोरं धावत आली आणि तीही उकरायला लागली. एकमेकांची आडनावं विचारायला त्यांना सवड नव्हती.

पहिल्या खड्ड्याला पाणी लागलं, पण तोंडात घेताच गुंडा थू थू करत पळाला. राजाराम म्हणाला, "समुद्राशेजारी गोडं पाणी कुठनं येणार?"

"डोंगराकडनं," पारूबाई म्हणाली आणि ओढ्याच्या पात्रातून बरीच वर, केवड्याच्या बनाजवळ जाऊन बसली.  राजारामनं बाह्या सारल्या आणि तो तिच्यासमोर बसून दोन्ही हातांनी वाळू ओढायला लागला. कोपरभर खणल्यावर ओल लागली, मग गढूळ पाणी, मग नितळ. पारूबाईनं ओंजळ तोंडाला लावली. किंचित मचूळ होतं, पण गोडं होतं. तिनं पहिली वाटी राजारामला दिली. तो ती पिऊन थेट खोलीवर गेला आणि होल्डॉल पुन्हा अंथरून आला.

मग काय, मजाच मजा. पोरं दिवसभर उथळ पाण्यात लोळायची आणि खारट अंग धुवायला झिऱ्यावर यायची. माईंच्या ओटीवरून ते सगळं स्पष्ट दिसायचं. पारूबाईनं तसबीर फळीवरच ठेवली होती, दारही सताड उघडं ठेवलं होतं.

पुण्याच्या वन्सं शुक्रवारी आल्या नाहीत, शनिवारीही नाहीत. शनिवारी संध्याकाळी माई वाळू तुडवत झिऱ्यापाशी आल्या. त्यांनी वाकून आतलं नितळ पाणी बघितलं.

"वन्संचं रहित झालं," त्या म्हणाल्या. "खोली रिकामीच राहील. मुलं रमली आहेत, तर राहा हवं तर अजून चार दिवस. दोर लावते विहिरीला."

गुंडानं आशेनं आईकडं बघितलं. राजारामनंही बघितलं, त्याची सुट्टी अजून बाकी होती.  चार दिवस पोरांना हवेच होते, तिलाही हवे होते. ती ओल्या हातांनी उठून उभी राहिली.

"माई, रविवारपातुर भाडं भरलंय, रविवारी जाणार. तुमी जा म्हणला म्हणून एक दिस आधी गेलो न्हाई. आता तुमी ऱ्हावा म्हणताय म्हणून एक दिस जास्त ऱ्हाणार न्हाई."

 पारूबाईनं दोन्ही पोरांचे हात धरले आणि ती पाण्याकडं चालू लागली. आल्यापासून ती काठावरच होती. आता ती लुगड्यासकट पोरांबरोबर आत गेली, पाणी कमरेला लागेपर्यंत.