चाळीसच्या वेगाने

दुकानदाराने दुसरं ग्राफिक्स कार्ड खोक्यातून काढलं आणि काउंटरवर पहिल्याच्या शेजारी ठेवलं. सासरे लगेच पुढे झुकले आणि त्यांनी त्याचा पंखा एका बोटाने फिरवून पाहिला.

"बाबा, हात नका लावू," सून हळूच म्हणाली. खरं तर तिचेही हात शिवशिवत होते.

"लावू द्या हो!" दुकानदार म्हणाला. "हे पहिलं गेमसाठी वाघ आहे. कितीही पळवा, चित्र अडखळणार नाही. दुसरं वेगाला जरा कमी, पण मेमरी दुप्पट. रेंडरिंगचं, म्हणजे फिल्म तयार करायचं मोठं काम असेल तर हेच."

नेमकी तिथेच मेख होती. सून घरबसल्या इमारतींच्या फिल्म बनवायची. अजून न बांधलेल्या घरांतून लोकांना फिरवून आणायची. आता अख्ख्या वसाहतीचं काम हाती आलं होतं, आजवरचं सगळ्यात मोठं, आणि जुनं कार्ड निम्म्यावरच मान टाकत होतं. पण त्याच कॉम्प्युटरवर रोज संध्याकाळी सासऱ्यांची बस सुटायची. हयात बस चालवण्यात गेलेला माणूस. एका डोळ्याची नजर गेली आणि परवानाही गेला. घुम्यासारखे बसून राहायचे. मग तिनेच बस चालवायचा गेम आणून टेबलाला स्टिअरिंग आणि पायाशी पेडल लावून दिलं, आणि सासरे पुन्हा माणसांत आले. म्हणून तिने बजावून ठेवलं होतं, की कार्ड येईल ते दोघांचं.

पेन ड्राइव्हवर आणलेली वसाहत पहिल्या कार्डावर उघडली, पण झाडं लावताच मेमरी संपली. दुसऱ्यावर झाडं, गाड्या, खिडक्यांतले पडदे, सगळं झरझर उमटलं. भर दुकानात तिने टाळीच वाजवली.

"झालं तर मग!" सासरे म्हणाले.

"अजिबात नाही. आता तुमची बस."

दुकानदाराने गेम लावला. सासरे चष्मा पुसून बसले. घाटाचा रस्ता होता. बस चाळीसच्या वेगाने निघाली, प्रत्येक थांब्यावर थांबली, दारं उघडली, मिटली. बघ्यांची गर्दी जमली.

"आजोबा, दामटा की! अशाने कार्डाचा कस कसा लागणार?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"मागे माणसं बसलीत," सासरे म्हणाले.

सगळे खो खो हसले. कार्ड बदललं, पण बस चाळीसच्या पुढे गेली नाही. दोन्हीकडे चित्र सारखंच, लोण्यासारखं.

"यांना कुठलंही चालेल," दुकानदाराने हात टेकले.

"मग मेमरीवालं द्या," सासरे म्हणाले. सून तर आनंदाने उडायचीच बाकी होती.

दुपारी कार्ड बसलं आणि संध्याकाळपर्यंत फिल्म तयारही झाली. तिने नवऱ्याला फोन केला, सासूबाईंना खुर्चीत बसवून वसाहतीतून फिरवलं, स्वतः पुन्हा पुन्हा पाहिली. मग खुर्ची सासऱ्यांना दिली आणि चहा टाकायला गेली. फोन टेबलावरच राहिला होता. तो घ्यायला परत आली आणि दारातच थबकली.

काटा एकशे दहावर होता. थांबे मागे पडत होते, कुठे थांबायचं नावच नाही. सासरे दातांत जीभ धरून, खुर्चीतून अर्धे उठून ट्रकला मागे टाकत होते. हात असे सराईत, की हे आजचं नव्हतंच. वळणावर चित्र गचकन अडकलं, बस दोन हात पुढे उडाली.

"हरकत नाही, चल," ते स्क्रीनला म्हणाले आणि पुन्हा पाय दाबला.

दुकानातली ती चाळीसची बस तिला आठवली.

"बाबा..."

काटा झर्रकन चाळीसवर उतरला. सासरे ताठ बसले.

तिने स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसली.

"का थांबलात? दामटा ना."

त्यांनी तिच्याकडे चोरून पाहिलं. मग मिशीत हसले आणि पाय खाली दाबला. बस सुसाट सुटली, सून "काढा, काढा, उजवीकडून काढा!" म्हणून ओरडली. पुढच्या वळणावर चित्र पुन्हा अडखळलं. "हरकत नाही, चला," या वेळी सून म्हणाली.