दीड मिलिमीटर

लेकीच्या बाळंतपणाहून थोरली सहा दिवसांनी परतली. पिशवी दारातच टाकली आणि पाणीही न पिता गॅरेजमध्ये शिरली. दातांच्या डॉक्टरची जुनी गाडी मधोमध उभी होती. थोरलीने सवयीने इंजिन फिरवायचं पुढचं हँडल धरून अर्धा फेरा दिला आणि थबकली. हँडल जड लागत होतं. सात महिने हे इंजिन तिच्या हाताखाली होतं, त्याचा जोर तिच्या मनगटाला पाठ होता. तिने मोजायचा व्हर्निअर काढला आणि इंजिनवरचं झाकण, म्हणजे हेड, चारही कोपऱ्यांवर मोजलं. चारही ठिकाणी दीड मिलिमीटर कमी.

"हेडला कुणी हात लावला?"

गाडीखालून धाकटी सरकत बाहेर आली. वडील गेल्यापासून हे गॅरेज दोघी बहिणी चालवत होत्या. लेथवरचं कातकाम थोरलीकडे, इंजिन जुळवणं आणि गाडी पळवून बघणं धाकटीकडे. एकीला गाडी टिकायला हवी, दुसरीला पळायला. बावीस वर्षं याच एका गोष्टीवरून त्या भांडत आल्या होत्या.

"मी. घासून आणलं," धाकटी म्हणाली. "डॉक्टरांना वेग अजून हवाय. रविवारी टेकडीची शर्यत आहे, ताई. त्यांचा साडूही आहे त्यात."

"साडू गेला खड्ड्यात! सत्तर वर्षांचं इंजिन आहे ते. जुनी ओतीव बेअरिंगं काढून मी नवी बसवली. क्रँकच्या, इंजिनच्या मुख्य दांड्यात भोकं पाडून प्रत्येक बेअरिंगपर्यंत तेल नेलं. कशासाठी? अजून पन्नास वर्षं चालावं म्हणून. आणि माझी पाठ वळते न वळते तोच तू हेड घासलंस? आतली जागा कमी झाली, आता प्रत्येक स्फोट घणासारखा बसणार. कळतं का काही?"

"कळतं. मीही इथेच शिकलेय."

"काय शिकलीस? माती?"

"तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

"नाही!"

"म्हणूनच नाही विचारलं."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने तिथल्या तिथे डॉक्टरला फोन लावून बोलावून घेतलं. तो आला, दोघींचं ऐकून घेतलं आणि हसत म्हणाला, "अहो, एकदाच तर पळवायचीय." थोरली एवढंच म्हणाली, "मग इंजिन फुटलं की माझ्या दारात आणू नका." मग तिने हत्यारं पुसून पेटीत ठेवली आणि चार दिवस बहिणीशी अक्षरही बोलली नाही. बोलायचंच झालं तर भिंतीकडे बघून बोलायची.

रविवारी मात्र ती गेलीच. शेवटच्या वळणावर हाताची घडी घालून उभी राहिली. आता फुटेल, मग फुटेल, असं मनाशी घोकत. धाकटी स्टिअरिंगवर, डॉक्टर शेजारी टोपी दाबून बसलेला. गाडी वळणावर आली ती अशी खणखणीत आवाज करत, की थोरलीच्या अंगावर काटा आला. या गोष्टीचाही तिला राग आला. साडूच्या गाडीपेक्षा अकरा सेकंद आधी डॉक्टरची गाडी माथ्यावर पोचली. डॉक्टर कारंजं उडावं तसा नाचत होता.

परत उतरताना मात्र थोरलीने ऐकलं. टक. टक. टक. बाकी कुणाच्या कानावर आलं नाही. धाकटीच्या आलं; तिचा चेहरा उतरला होता.

"उद्या सकाळी इंजिन उघडायचं," थोरली म्हणाली. चार दिवसांत पहिल्यांदा ती बहिणीशी सरळ बोलत होती. "आणि डॉक्टर, तुम्हीही या. तुमचा दीड मिलिमीटर काय करतो ते डोळ्यांनी बघा."

सकाळी डॉक्टर वेळेवर हजर. थोरलीने मुद्दाम त्याला स्टूल पुढे ओढून दिलं. धाकटी गाडीखाली शिरली, इंजिनखालचं तेलाचं भांडं उतरवलं, मग तिसरं बेअरिंग सोडलं. बाहेर आली तेव्हा तिची उजवी मूठ मिटलेली होती.

"काय झालं?"

"बेअरिंगला ओरखडे आहेत. बदलून टाकू."

"मुठीत काय आहे?"

"काही नाही."

"मूठ उघड."

"ताई, राहू दे ना."

"उघड म्हणते ना!"

धाकटीने मूठ उघडली. तळहातावर काळ्या तेलात धातूचा बारीक वळलेला कीस होता, नखाच्या तुकड्याएवढा. थोरलीने तो चिमटीत धरून उजेडाकडे नेला. हेड घासल्याने असा कीस पडत नाही. क्रँकमध्ये तेलाचं भोक पाडताना पडतो. ते भोक तिने स्वतः पाडलं होतं, स्वतः धुतलं होतं, आणि नीट धुतलं नव्हतं. तेलाबरोबर तो कीस बेअरिंगमध्ये जाऊन बसला होता.

तिच्या कानांतून वाफा निघाल्या. बहिणीने टोमणा मारला असता तर परवडलं असतं. हिने तर तिची लाज झाकायला मूठ मिटली होती.

"बोल ना!" ती ओरडली. "आता का गप्प? म्हण ना, ताईचंच चुकलं!"

"मी हेड घासलं, तू कीस ठेवलास," धाकटीही भडकली. "इंजिन बिचारं दोघींना पुरून उरलं. अजून काय बोलू?"

थोरली डॉक्टरकडे वळली. "चूक माझी आहे. तुमच्या वेगाने नाही झालं हे."

डॉक्टरचा चेहरा उजळला. "म्हणजे हेड अजून थोडं घासलं तरी..."

"गप्प बसा!" दोघी एकदमच ओरडल्या.

डॉक्टर स्टुलासकट मागे सरकला.

थोरलीने बाह्या वर केल्या. "क्रँक बाहेर काढायचा. सगळी भोकं मी पुन्हा धुणार, तू तपासणार. आणि हेडखाली जाड गॅस्केट, म्हणजे आतली जागा परत मिळेल."

"क्रँक काढते. जाड गॅस्केट नाही."

"जाडच!"

"मधलं."

"तुझ्याशी बोलण्यात अर्थच नाही," थोरली म्हणाली, आणि पाना घेऊन गाडीखाली शिरली.