राजाची भाजलेली जीभ

सरोजिनीआत्याच्या कादंबरीत फ्रान्सचा एक राजा, दोन राण्या, अकरा सरदार, पडद्याआडून ऐकणाऱ्या चार दासी आणि सुपाचा एक वाडगा होता. त्या सुपानं राजाची जीभ भाजत होती, त्यापायी आचारी हद्दपार होत होता आणि आचाऱ्याच्या सूडावर पुढची तीनशे पानं उभी होती. लिहायला सहा वर्षं लागली होती. सोमवारी हस्तलिखित प्रकाशकाकडे जायचं होतं.

आत्याची भाची नीरजा रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली. तिनं ते रविवारी सकाळी वाचून संपवलं.

"आत्या, दुसऱ्या प्रकरणात तूच लिहिलंयस, स्वयंपाकघर रस्त्यापलीकडच्या इमारतीत आहे आणि जेवण मिरवणुकीनं येतं. मग सूप गरम कसं राहील?"

"झाकण असतं."

"साठ अंशांच्या खाली जीभ भाजायची नाही."

आत्याचे यजमान दिगंबरकाका पेपराआडून म्हणाले, "म्हणजे हिला पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागणार?"

"तसंच दिसतंय, काका."

आत्यानं चष्मा पुसला. तो आधीच पुसलेला होता.

"करून बघू," नीरजा म्हणाली.

टोमॅटोचं सार उकळून चांदीच्या वाडग्यात ओतलं, वर झाकण ठेवलं. बिबवेवाडीतल्या त्यांच्या सोसायटीला दरबारी चालीनं चार फेऱ्या घालायच्या ठरल्या. नीरजा पुढे, वाडगा घेऊन आत्या मागे. डिसेंबरची हवा गार होती. गेटपाशी शेजारच्या वासंतीबाईंनी चपला काढून वाडग्याला नमस्कार केला.

"कसला प्रसाद?"

"राजाचं सूप आहे," आत्या म्हणाली.

"वाटणार असाल तर डबा आणते."

वर काका गळ्याला नॅपकिन लावून टेबलाशी बसले होते.

"अर्धा तास राजाच उपाशी. प्रजेचं काय होत असेल."

नीरजानं झाकण काढून थर्मामीटर आत धरला. तिनं तो बाहेर काढताच काकांनी चमचाभर सार तोंडात घातलं, डोळे मिटले आणि पाण्याचा पेला ओढला.

"भाजली."

"खरंच, अहो?"

"जीभ माझी आहे."

आत्यानं हस्तलिखित पिशवीत घातलं, पिशवीचे बंद बांधले आणि ती पोळ्या लाटायला आत गेली. काकांनी वाडगा तोंडाला लावून उरलेलं सार एका दमात संपवलं.

थर्मामीटरवर सत्तेचाळीस अंश भरले होते.