फारोच्या वाट्याला बेखमीर पाव

बेकरीत सगळे त्यांना आत्याबाई म्हणायचे. शेठसुद्धा, कितीही तापलेला असला तरी. कणीक मळायला त्यांची मनगटं होती आणि माणसं मळायला जीभ.

रविवारी सकाळी कामगार पिठाच्या पोत्यांवर बसून तासभर गाणी म्हणत प्रार्थना करायचे. तेच शेठच्या डोळ्यांत खुपलं.

"गाणी सुचतात म्हणजे काम कमी पडतंय. उद्यापासून भट्टीची लाकडं तुमची तुम्ही आणा. पाव मात्र तेवढेच हवेत."

"अगं बाई! हा तर फारो राजाचा सख्खा भाऊ निघाला," आत्याबाई सुनेला म्हणाल्या. "मिसरात त्यानंही गुलाम इस्राएलांचं विटांसाठीचं भुसकट बंद केलं आणि विटा तितक्याच मागितल्या."

लाकडं वेचून वेचून सगळ्यांचे हात सोलले. सून रडकुंडीला आली. "आई, प्रार्थना केली म्हणूनच हे भोगतोय ना? देव ऐकतो कुठे?"

"ऐकतो. इस्राएलांना सोड म्हणून मोशे फारोशी बोलायला गेला तेव्हाही आधी जाचच वाढला. देव विसरला म्हणून नव्हे गं, फारोची तंतरली म्हणून! निर्धास्त माणूस कशाला कुणाचं गाणं बंद करेल?"

रविवारी त्यांनी पहिला सूर लावला. शेठ तणतणत आला. "पुन्हा तेच? चालत्या व्हा! तुमचं काय असेल ते उचला आणि निघा."

"माझं तेवढंच नेते हो."

त्यांनी फळीवरचं झाकणाचं भांडं उचललं. त्यात खमिराचा गोळा होता, सासूकडून आलेला. रोज संध्याकाळी मूठभर कणीक त्यात घालून तो जिवंत ठेवायचा, उद्याचा सगळा पाव त्यावरच फुगायचा. शेठला भांडं दिसलं, आतलं दिसलं नाही. आत्याबाईंमागे सून निघाली, सुनेमागे अख्खी बेकरी.

"इस्राएल मिसरातून निघाले तेव्हा पीठ फुगायलाही सवड नव्हती," रस्त्यात त्या म्हणाल्या. "आपण खमीर घेऊन निघालोय. बेखमीर खाऊ दे त्याला!"

झालंही तसंच. शेठच्या नव्या माणसांचे पाव चपलेच्या तळव्यासारखे निघाले. मग बाजारचं खमीर आलं, पाव फुगले. पण जुन्या आंबूस चवीला चटावलेली गिऱ्हाइकं नाक मुरडून गेली. इकडे आत्याबाईंच्या जाऊबाईंच्या परसातली पडकी भट्टी सगळ्यांनी मिळून लिंपली आणि गल्लीभर वास सुटला.

एका रविवारी शेठ स्वतः दारात. "आत्याबाई, लाकडं देतो, प्रार्थनेचा तास देतो. परत चला."

तिथे पगार ठरलेला, इथे सगळाच भरवसा देवावर. आत्याबाईंनी सुनेकडे पाहिलं. आता ही ढेपाळते की काय?

"शेठ," सून म्हणाली, "समुद्र ओलांडून सुटल्यावर मिसरात परत कोण जातं? पाव हवा असेल तर रांगेत उभे राहा. प्रार्थना झाली की दार उघडेल."

शेठ पिशवी सावरत रांगेच्या टोकाला गेला. आत गाणं सुरू झालं. शेवटचं कडवं आत्याबाईंनी मुद्दाम दोनदा म्हटलं.