धरायचं नाही

भूकंपाच्या सरावाचा भोंगा वाजला आणि वर्गातली मुलं कासवासारखी बाकांखाली शिरली. मेरेआना मात्र व्हरांड्यात पळाली आणि सिमेंटच्या खांबावर डोकं आपटू लागली. आठ वर्षांची पोर, बोलणं मोजकं. भोंगा तिला सोसत नाही हे न्यूझीलंडमधल्या पोरिरुआच्या त्या शाळेत शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. तरी भोंगा वाजलाच. सराव म्हणजे सराव!

तालिता तिच्यामागे धावली. मेरेआनाला सांभाळायलाच तर शाळेने तिला ठेवलं होतं. एरवी तिने पोरीला मागून दोन्ही हातांनी कवेत घेतलं असतं आणि सामोआत तिची आई गुणगुणायची तसं काहीतरी गुणगुणत बसली असती. मेरेआना त्यानेच शांत व्हायची. पण आज तालिताचे हात अर्ध्यातच थांबले.

गेल्या महिन्यात मेरेआना फाटकातून रस्त्याकडे पळत सुटली, तेव्हा तालिताने तिचा दंड पकडला होता. जरा जोरातच पकडला. दंडावर बोटांचे वळ उठले आणि दुसऱ्या दिवशी पोरीची आजी, हूरिया, शाळेत हजर झाली.

"माझ्या भावाला शाळेत खुर्चीला बांधून ठेवायचे," ती म्हणाली. "म्हातारा झाला, पण अजून खुर्चीला पाठ टेकवत नाही. शाळेत मुलांना असं धरू-बांधू नये, या कायद्यासाठी लोक उगाच का भांडले, बाई?"

तालिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वळ तिच्याच बोटांचे होते, नाकारणार कसे? आजी गेल्यावर उपमुख्याध्यापक कॉलिनने तिला समजावलं.

"जिवावर बेतलं असेल आणि दुसरा काही इलाज नसेल, तरच मुलाला धरायचं. तेही मी, नाहीतर शिक्षकांनी. तुझं प्रशिक्षण व्हायचंय अजून, ते पुढच्या सत्रात. तोवर धरायचं नाही. पुन्हा असं झालं तर मेरेआना तुझ्याकडे ठेवता येणार नाही मला."

"आणि तुम्ही कुणी जवळ नसलात तर?"

"हाक मार की!"

आता ती हाकच मारत होती. "कॉलिन! अहो, कुणीतरी या इकडे!" पण त्या भोंग्यात तिची हाक कुणाला ऐकू जाणार? वर्गातल्या बाई मुलांबरोबर बाकाखाली, कॉलिन मैदानापलीकडच्या इमारतीत. धरावं तर पोर हातची जाणार, न धरावं तर तिचं कपाळ फुटणार. इकडे आड, तिकडे विहीर. खांबावर रक्त दिसलं तसं तालिताला राहवेना. तिने आपला उजवा हात खांब आणि कपाळ यांच्यामध्ये घातला. पोरीला धरलं नाही, दाबलं नाही, नुसता हात ठेवला. डोकं त्या तळव्यावर आदळत राहिलं आणि मागे खांबावर तालिताची बोटं चेचली जात राहिली. भोंगा थांबेपर्यंत तिने हात काढला नाही.

कॉलिन धापा टाकत आला. "धरलं नाहीस ना? शाबास!"

तालिताला त्याचा भयंकर राग आला. शाबासकी कशाची देतोय हा?

शाळेचा फोन गेला तशी हूरिया आजी गाडी घेऊन आली. तिने नातीच्या कपाळावरची पट्टी पाहिली, मग तालिताचा काळानिळा हात पाहिला.

"अगं येडे, धरायचं नाहीस का तिला?"

"आजी, तुम्हीच तर..."

"मी वळ उठवू नको म्हटलं होतं. कपाळ फुटू दे म्हटलं होतं का?" मग तिचा आवाज उतरला. "चल, डॉक्टरकडे सोडते तुला. एकटी गेलीस तर हाका मारत उभी राहशील रस्त्यात."

तेवढ्यात मेरेआना आली. तिने तालिताकडे पाठ केली, तिचा डावा हात ओढून स्वतःभोवती घेतला आणि मागे रेलली.

"मावशी, घट्ट," ती म्हणाली.

तालिताने कॉलिनकडे पाहिलं.

"घे की," तो म्हणाला. "ती आपणहून मागतेय. याला कुठे बंदी आहे?"

तालितालाही ते कळत होतं. डाव्या हाताला काही झालेलंही नव्हतं. पण तो हात काही केल्या आवळेना. पोरीच्या छातीवर तो नुसता पडून राहिला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

मेरेआनाने थोडी वाट पाहिली. मग तिने तो हात खाली सोडला आणि गाडीत जाऊन बसली.