कॅसेटची दुसरी बाजू

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, पण माझ्याकडून गाण्यांच्या आठवणींची अपेक्षा ठेवू नका. गाणी माझ्या वाट्याला फारशी आलीच नाहीत. मी आयुष्यभर परक्या मुलुखात इंग्रजी शिकवलं, आणि एकदा एका मुलीचा आवाज पुसला. तेवढंच मला सांगायचं आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका कामगार बाईने माझ्या छातीत दोन चाकं बसवली, लाल बटण बसवलं, ते तीनदा दाबून पाहिलं आणि मला पुढे ढकललं. लाल बटण रेकॉर्डिंगचं. नवा आवाज टिपायचा तर आधीचा पुसूनच टिपायचा, ही माझी जन्माची खोड आहे. तिच्यावर इलाज नाही.

दुकानाच्या फळीवरून मला एका बाईंनी उचललं. त्या आपला देश सोडून इथे इंग्रजी शिकवायला आल्या होत्या. करार दोन वर्षांचा होता. नवरा मुलगी रांगत असतानाच गेला होता, आणि आता पाच वर्षांची झालेली ती मुलगी बाईंनी थोरल्या बहिणीकडे ठेवली होती. अंगाने लहानखुरी, म्हणून सगळे तिला टिल्ली म्हणत.

बाईंची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. लोखंडी पलंग, कधीच पूर्ण बंद न होणारा खण असलेलं टेबल, आणि खिडकीतून दिसणारी समोरची भिंत. सकाळी बाई मला पिशवीत घालून शाळेत नेत. दिवसाला सहा तास. माझ्या पोटातले एक गृहस्थ रोज स्टेशनवर छत्री विसरायचे, आणि एक मुलगी त्यांना छत्रीचा रंग विचारायची. इतकी वर्षं झाली, पण त्या भल्या माणसाला छत्री काही मिळाली नाही. तरी मी बोलू लागलो की वर्ग चिडीचूप व्हायचा. मला तेव्हा फार मोठं वाटायचं. बाई दर शनिवारी स्पिरिटच्या बोळ्याने माझं तोंड पुसत, म्हणून माझा आवाज स्वच्छ होता.

पण माझं खरं काम रविवारी असे. माय-लेकींची कॅसेट पोस्टाने ये-जा करायची. पहिली बाजू टिल्लीची, दुसरी बाईंची. टिल्ली मावशीजवळ बसून आपली बाजू भरायची आणि शेवटी म्हणायची, "झालं, आता बास." मग मावशी त्या बाजूची प्लॅस्टिकची चकती मोडायची. कॅसेटच्या पाठीला अशा दोन चकत्या असतात. जी मोडाल, तिच्या बाजूला माझं लाल बटण दाबलंच जात नाही. दुसरी चकती शाबूत ठेवायची, कारण ती बाजू आईच्या उत्तरासाठी कोरी.

पहिल्या वर्षी टिल्ली एका कॅसेटमध्ये तीन-तीनदा विचारायची, "आई, तू कधी येणार?" दुसऱ्या वर्षी एकदा. करार वर्षभराने वाढला, आणि तिने विचारणंच सोडलं. शाळा, वर्गशिक्षिका, मैत्रिणी, सांडलेली शाई असं सगळं ती सांगायची, पण ते नाही. बाई कॅसेट मागे नेऊन पुन्हा ऐकत. चुकून राहून गेलं असेल, असं त्यांना वाटे.

तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी एक कॅसेट आली. बाईंनी पहिली बाजू ऐकली. टिल्लीने "झालं, आता बास" म्हटलं, बाईंनी कॅसेट पर्समध्ये ठेवली. उत्तर रविवारी भरायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापक वर्गात आले. ते सारखे मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत, म्हणून बाईंनी मनातल्या मनात त्यांना घड्याळसाहेब असं नाव ठेवलं होतं. ऐकण्याच्या परीक्षेचा पेपर फुटला होता.

"नवा पेपर आत्ताच्या आत्ता रेकॉर्ड करा," ते म्हणाले. "पाऊण तास आहे."

"कोरी कॅसेट नाही, सर. शाळेच्या सगळ्यांच्या चकत्या मोडलेल्या आहेत."

"ते मला सांगू नका. कराराचं बोलायला पुढच्या आठवड्यात येणार आहात ना?"

बाईंनी पर्स उघडली. कॅसेट उलटी करून माझ्यात घातली आणि लाल बटण दाबलं. चकती शाबूत होती, मी काय करणार? बाई स्पष्ट आवाजात इंग्रजीत वाचू लागल्या, "नीट ऐका. प्रत्येक प्रश्न दोनदा वाचला जाईल." परीक्षा छान पार पडली. घड्याळसाहेबांनी सगळ्यांदेखत बाईंचं कौतुक केलं, आणि खरं सांगतो, मीही फुशारलो.

शनिवारी बाईंना शाळेच्या फोनवरून पाच मिनिटं घरी बोलता येई. त्या शनिवारी वर्ग सुटल्या सुटल्या त्या मला काखेत मारूनच कार्यालयात गेल्या. फोनमधून येणारा टिल्लीचा बारीक आवाज मला नीट ऐकू येत होता.

"आई, दुसरी बाजू ऐकलीस ना?"

"दुसरी?"

"मावशी बाहेर गेली होती, तेव्हा मी एकटीने भरली. ऐकलीस ना?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. पुसली असं लेकराला कसं सांगायचं? तेही दुसऱ्यांच्या मुलांच्या परीक्षेसाठी?

"ऐकली ना," बाई म्हणाल्या.

"मग सांग. हो का नाही?"

"परत एकदा विचार ना, राणी."

"आत्ता नको. मावशी इथेच उभी आहे. तू नुसतं हो का नाही सांग."

समोर घड्याळसाहेबांचं बोट घड्याळावर वाजत होतं. इतकं लहान लेकरू काय विचारणार? मी तुला आवडते का, तू येणार ना, असंच काहीतरी. बाईंना असंच वाटलं असणार.

"हो," बाई म्हणाल्या. "हो गं बाळा."

खोलीवर येऊन त्यांनी ती बाजू पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. छत्रीवाल्या गृहस्थांचा परिच्छेद, दहा प्रश्न, मग नुसती खरखर. टिल्लीचा एक शब्दही मी शिल्लक ठेवला नव्हता.

महिन्याने नवी कॅसेट आली. सुरुवातीला टिल्लीने हाक मारली, "आई, हे चालू आहे ना गं?" बाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं. पण उत्तर दिलं ते मावशीच्या आवाजाने, "चालू आहे, बोल."

मग टिल्ली बोलू लागली. "तू हो म्हणालीस ना, म्हणून मी आता मावशीला आई म्हणते. शाळेत सगळ्यांच्या आया येतात, मला दरवेळी सांगत बसावं लागायचं. मावशी आधी रडली. आता तुला काय म्हणू? तेवढं सांग."

शेवटी मावशी हळूच म्हणाली, "तू खरंच हो म्हणालीस का गं? मला पटत नाही. तसं नसेल तर सांग, मी समजावीन तिला."

बाईंनी कॅसेट उलटली. "टिल्ली, ऐक, तू काय विचारलंस ते मी..." त्या थांबल्या, मागे नेली, पुन्हा लाल बटण. "ताई, माझी चूक..." पुन्हा मागे. त्या दुपारी बाई किती वेळा खरं बोलायला लागल्या ते मी मोजलं नाही. दर वेळी त्यावर मीच बोळा फिरवला. शेवटी एकच वाक्य उरलं.

"तुला आवडेल ते म्हण."

मग त्यांनी चकती मोडली आणि कॅसेट पोस्टात टाकली. सोमवारी त्यांनी करारावर सही केली, पुढच्या चार वर्षांच्या. लवकर परतायची घाई आता उरली नव्हती.

पुढे नवी यंत्रं आली. मी शाळेच्या अडगळीत गेलो, माझ्या तोंडावर धुळीचे थर चढले. जाताना बाईंनी परीक्षेची ती कॅसेट माझ्या पोटात घातली, ती परत काढलीच नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात माझा एखादा भाऊबंद पडला असेल, तर त्याला पुसा, कोरडा ठेवा. आणि लाल बटण दाबण्याआधी आत काय आहे ते पूर्ण ऐका, बाजू कोरी वाटली तरी. माझ्यासारख्याला थांबता येत नाही, तुम्हाला येतं.

मला अजून कुणी चालू केलं तर बाईंचा आवाज स्वच्छ येईल. प्रत्येक प्रश्न दोनदा वाचला जाईल, असं त्या सांगतील. टिल्लीने एकदाच विचारला होता.